दादा, तुझा डावा गाल

दादा, काल तुझं तेरावं झालं. मांडव उतरला, भाड्याची भांडी परत गेली, पाचोडची मंडळी पहाटेच्या एसटीनं निघून गेली. तुझा लेकही सकाळी पुण्याला गेला, नोकरीवर हजर व्हायचं म्हणून. तुझ्या या वैजापूरच्या घरात आता मी आणि सुमनवहिनी अशा दोघीच उरलोय. गेले तेरा दिवस मी वहिनींबरोबर एकटी सापडायचं टाळतेय. त्या स्वयंपाकघरात आल्या की मी अंगणात जाते, त्या अंगणात आल्या की मला अचानक कुणाला तरी चहा द्यायचं आठवतं. आज पाहुणेच नाहीत, तर चहा तरी कुणाला देणार? म्हणून मागच्या खोलीत दार लोटून तुला लिहायला बसलेय. वहिनी ओसरीवर गहू पाखडतायत. त्यांच्या सुपाचा आवाज थांबला की माझा हातही थांबतो.

घाबरलेय मी. चौपन्न वर्षांची बाई, औरंगाबादच्या सिडकोतल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवणारी, आठवी-ब सारखा टारगट वर्ग नुसत्या डोळ्यांनी गप्प करणारी, आणि वहिनींच्या एका प्रश्नाला टरकून बसलेय. तो प्रश्न त्यांनी अजून विचारलेलाही नाही. "वन्सं, तुम्हाला काही माहीत व्हतं का?" एवढाच असेल तो. आणि त्याचं उत्तर 'हो' आहे.

तुझ्याबद्दल लोक फार चांगलं बोलले. बाजार समितीतली माणसं आली, हमाल आले, कांद्याचे व्यापारी आले. प्रत्येकानं सांगितलं, रंगनाथराव म्हणजे देवमाणूस. तू असतास तर माझ्या कानाशी पुटपुटला असतास, "मेल्यावर समदेच देवमाणूस व्हतेत, कुंदे. जित्तेपणी एकानं तरी चहा पाजला का इचार." कुणी बेसबॉलचं नाव काढलं नाही. काढणार कसं? तू पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होतास हे इथं कुणाला ठाऊकच नाही. ते ठाऊक असलेलं माणूस तुझ्या घरात एकच होतं, आणि ते मूग गिळून पंगतीला भात वाढत होतं.

तू कॉलेजात गेलास आणि तिथल्या क्रीडाशिक्षकांनी, तुमच्या सरांनी, तुझा हात बघून तुला क्रिकेटमधून उचलून बेसबॉलमध्ये घातलं. औरंगाबादेत तेव्हा बेसबॉल म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे क्रिकेटच ना?" घरी आणलेला तो पांढरा, लाल टाक्यांचा चेंडू आईनं हातात घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाली, "ह्यानं मानूस मरंल की रे." तिला वेड्यात काढलं आपण. मी मात्र तो चेंडू हातात घेतला त्याच क्षणी मला कळलं होतं की आई बरोबर बोलतेय.

तुझा चेंडू झेलणारा कॅचर जालन्याचा. तो आठवड्यातून दोनदाच यायचा. उरलेल्या दिवशी तुला कुणीतरी समोर बसणारं हवं होतं. तुझे मित्र दोन दिवस बसले आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांना अभ्यास आठवायला लागला. मग तू मला विचारलंस. मी नववीत होते. "बसशील का? भिणार नाहीस ना?"

"मी? हॅट!"

दादा, ती माझी पहिली थाप. तू कॉलेजात गेल्यापासून माझ्याशी धड बोलतही नव्हतास. तुझं जग वेगळं झालं होतं, त्यात मला जागा नव्हती, आणि आता तू स्वतः होऊन मला एक जागा देत होतास. ती घराच्या मागच्या मुरमाड प्लॉटवर, तुझ्यापासून अठरा पावलांवर, उकिडवं बसायची होती. मी भीती वाटते म्हटलं असतं तर तू दुसरं कुणी शोधलं असतंस. म्हणून नाही म्हटलं.

तो ग्लोव्ह आठवतो? कॉलेजचा फाटका ग्लोव्ह घेऊन आपण शहागंजात एका म्हाताऱ्या चांभाराकडे गेलो होतो. त्यानं चष्मा वर करून तो उलटासुलटा केला आणि मला विचारलं, "ये क्या है बेटी, हात का तकिया?" मग त्यानं आत आणखी कापूस ठासला, वरून जाड चामडं टाकलं. तोंडाला लावायची जाळी काही मिळेना. तू आईची पिठाची चाळण नाडीनं माझ्या तोंडावर बांधलीस. तीन दिवस मी चाळणीतून जग पाहिलं. चौथ्या दिवशी आईला चाळणीला पडलेला पोचा दिसला आणि तिनं आपल्या दोघांना जे काही सुनावलं, ते ऐकायला शेजारपाजारचे गच्चीवर आले होते. पुढे सरांनी खरी जाळी दिली. पण त्या पोच्याकडे मी रोज बघायची. पोळ्यांचं पीठ चाळताना आई म्हणायची, "इथनं कोंडा खाली पडतोय बघ." मला त्या जागी माझं नाक दिसायचं.

तुझा चेंडू जोरात यायचा. सरांना जोराचं कौतुक नव्हतं. ते म्हणाले, "जोर तर बैलातही असतो. वेग बदलता आला पाहिजे. हात तोच फिरला पाहिजे, पाय तोच पडला पाहिजे, आणि चेंडू मात्र हळू गेला पाहिजे. समोरच्याला कळताच कामा नये." झालं. त्या दिवसापासून तू झपाटलास. चेंडू बोटांच्या टोकावर न धरता तळहातात खोल रुतवायचा, म्हणजे हात तितक्याच जोरानं फिरला तरी चेंडू रेंगाळतो, एवढं तू मला समजावून सांगितलंस. जेवताना डाव्या हातात चेंडू, अभ्यासाला बसलास की उजव्या हातात चेंडू. कपाटाच्या आरशासमोर उभा राहून तू चेंडू न सोडता नुसता हात फिरवायचास, पुन्हा पुन्हा, आणि अप्पा आईला विचारायचे, "ह्याला कुणी काही केलं तर नाही ना?"

पहिले दोन आठवडे तुझा हळू चेंडू माझ्यापर्यंत पोचायचाच नाही. मध्येच मुरमात पडून मेल्यासारखा राहायचा. आपण हसायचो. मग तो पोचायला लागला, आणि माझं हसणं संपलं.

तुला हे कधी सांगितलं नाही, आज सांगते. जोरात येणाऱ्या चेंडूची भीती अर्ध्या क्षणाची असते. डोळे मिटायच्या आत तो ग्लोव्हमध्ये तरी असतो किंवा अंगावर तरी. पण कुठला येणार हेच माहीत नसलं, की ती भीती शाळेत चौथ्या तासालाच सुरू व्हायची. फळ्यावर बाई बीजगणित लिहायच्या आणि मला फळ्यावरून चेंडू येताना दिसायचे. हळू येईल म्हणून पुढे झुकावं आणि जोरात आला तर? जोरात येईल म्हणून अंग चोरावं आणि हळू आला तर हातून सुटतो, आणि तू नुसता बघतोस, काही बोलत नाहीस. घरी येताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं यायची. देवाला म्हणायची, आज दादाला ताप येऊ दे. थोडासाच.

एका शनिवारी तेच झालं. मी हळू धरून पुढे झुकले आणि चेंडू जोरात आला. गळ्याच्या खाली, हाडावर. मला आठवतं, आवाज आधी आला आणि मग श्वास थांबला. तू धावत आलास. मी उभी राहिले, कपडे झटकले आणि म्हणाले, "काही नाही, चल, टाक."

"लई लागलं का?"

"नाही."

"कुंदे, भ्या वाटतं का तुला?"

"नाही म्हटलं ना!"

तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस. त्या दिवशी पुढे एकही चेंडू टाकला नाहीस. तिथलं अंग पंधरा दिवस काळंनिळं होतं. आईला मी सांगितलं, सायकलवरून पडले.

सोमवारी पुन्हा बसलो. मी ग्लोव्ह गुडघ्याला घट्ट टेकवून धरला होता. आणि तेव्हा, चौथ्या की पाचव्या चेंडूला, मला दिसलं. हळू चेंडू टाकायच्या आधी तुझा डावा गाल फुगतो. आतून जीभ टेकवावी तसा, गालात अख्खी सुपारी धरावी तसा. हात वर जायच्या आधी गाल फुगला, की चेंडू हळू. गाल सपाट, की जोरात. मी दहा चेंडू पाहिले. वीस पाहिले. एकदाही चुकलं नाही.

काय सांगू तुला दादा, मला कसं वाटलं! परीक्षेत सगळा पेपर आधीच पाहिलेला असावा तसं. मी त्या दिवसापासून एकही चेंडू सोडला नाही. तू म्हणालास, "कुंदे, तू तर भारीच बसायला लागलीस की." शाळेत चौथ्या तासाला मला बीजगणित पुन्हा दिसू लागलं. आणि मी ठरवलं, तुला हे सांगायचं नाही. सांगितलं तर तू ते सुधारशील. सुधारलंस तर मी पुन्हा आंधळी होऊन अठरा पावलांवर बसेन. मी तुझी बहीण होते, तुझी खोट दाखवणारा आरसा व्हायचं माझं काम होतं, हे सगळं मला कळत होतं. पण गळ्याखालचं ते हाड अजून दुखत होतं.

एकदा अप्पांनी तुझा गाल पाहिला. ते ऑफिसातून येऊन प्लॉटच्या कडेला उभे होते. सरळ चालत तुझ्यापाशी आले आणि म्हणाले, "तोंड उघड." तू उघडलंस. त्यांनी बोट घालून गालात चाचपडलं. त्यांना वाटलं, पोरगं तंबाखू खायला लागलं. तंबाखू सापडली नाही तेव्हा ते आणखी चिडले, "मग गिळली असशील." मी जाळीच्या आड पोट धरून हसत होते. हसताना भीतीही वाटत होती, की आता अप्पा विचारतील, गाल का फुगवतोस, आणि माझं गुपित जाईल. पण अप्पांना तंबाखूपलीकडे काही सुचलं नाही.

आपलं एक भांडण तेव्हाच सुरू झालं, ते कधी मिटलंच नाही. मी म्हणायची, तुझा हळू चेंडू म्हणजे फसवणूक आहे. हात जोराचा दाखवायचा आणि चेंडू हळू सोडायचा, हे खोटं बोलणंच झालं. तू म्हणायचास, "खोटं कसं? चेंडू तर खराच येतो ना? फक्त त्याची यायची वेळ समोरच्याला ठाऊक नसती, एवढंच." मी म्हणायची, वेळ ठाऊक नसणं हीच तर फसवणूक. तू म्हणायचास, मग तर समदं जगच फसवणूक हाय. माझ्या लग्नात, तुझ्या लेकाच्या मुंजीत, गेल्या दिवाळीत, जिथं भेटू तिथं आपण तेवढ्यापुरतं हे भांडण काढायचो आणि जेवण आलं की थांबायचो. आता मला वाटतं मी बरोबर होते. आणि मला तुला हे ऐकवायचंय, आणि तू नाहीस, याचा मला राग येतो.

सुपाचा आवाज थांबला होता. पुन्हा सुरू झाला. लिहिते.

विद्यापीठाच्या संघाची निवड होती. मला तू सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलंस, "माझा खरा कॅचर तर तूच" म्हणून. पहिल्या काही जणांना तू असं नाचवलंस की सर खुर्चीतून उठून उभे राहिले. मग पैठणकडचा एक बुटका पोरगा बॅट घेऊन आला. त्यानं दोन चेंडू नुसते पाहिले. तिसरा हळू होता, तो त्यानं झाडांपलीकडे मारला. धावत परत येताना तो आपल्या पोरांना ओरडून म्हणाला, "आरं त्येच्या थोबाडाकडं बगा! गाल, गाल!"

मी कडेला बसले होते, मला स्वच्छ ऐकू आलं. तुला आलं नाही, तू लांब होतास. त्यानंतर जो आला त्यानं तुझा हळू चेंडू मारला. डाव संपला आणि तू पाणी प्यायला माझ्यापाशी आलास. घामानं थबथबलेला. मला विचारलंस, "काय चुकतंय गं? हात तर तोच फिरतोय ना?"

मी म्हणाले, "तोच फिरतोय."

खोटं नव्हतं ते. हात तोच फिरत होता. एका वाक्याचं काम होतं दादा, 'तुझा गाल फुगतो.' ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. पण मग तू विचारलं असतंस, तुला कधीपासून माहीत आहे? आणि मला सांगावं लागलं असतं की पाच महिने. मी तांब्या पुढे केला. तू पाणी प्यायलास आणि परत गेलास, आणि त्यांनी तुला धुतलं. यादीत तुझं नाव आलं नाही. परतीच्या वाटेवर क्रांती चौकात तू सायकल थांबवलीस. मग म्हणालास, "बरं झालं. आता अभ्यास तरी व्हईल." तू चेंडू पुन्हा हातात घेतला नाहीस. पुढे इथं बाजार समितीत नोकरी लागली, तू वैजापूरकर झालास, आणि माझ्या पोटात ते वाक्य तसंच राहिलं.

मजा म्हणजे तुझा गाल फुगायचा थांबला नाही. माझ्याशी खोटं बोलताना तो फुगायचा, हे मला हळूहळू कळलं. माझं पहिलं स्थळ आलं तेव्हाचं आठव. अप्पांना मुलगा पसंत, आईला मुलाचं घर पसंत. तू चौकशी करून आला होतास. सगळ्यांसमोर म्हणालास, "पोरगा चांगला हाय," आणि तुझा गाल टम्म फुगला. मी त्याच रात्री रडून गोंधळ घालून नकार दिला. अप्पा महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. दोन वर्षांनी त्या माणसाच्या बायकोला माहेरी का परत यावं लागलं ते गावाला कळलं. तुझ्या गालानं मला वाचवलं. मी तुला थँक्यू सुद्धा म्हणू शकले नाही, कारण म्हणायचं तर गालाचं सांगावं लागलं असतं.

आता पाचोडचं. हे लिहायचं म्हणून तर बसलेय, आणि इतका वेळ चाळणी आणि चांभार सांगत बसले.

चुलत भाच्याच्या लग्नाला आपण सगळे पाचोडला जमलो होतो. ऊन कडक होतं. अक्षता पडल्या आणि तू माणसांतून बाजूला होऊन मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिलास. तुझ्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. मी जवळ आले. विचारलं, "दादा, बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? एकदम ठणठणीत."

आणि तुझा डावा गाल फुगला.

तू सुपारी कधीच खाल्ली नाहीस. मी तुझ्या गालाकडे पाहत राहिले. तूही माझ्याकडे पाहत होतास. अप्पा असेच गेले होते, छातीला हात लावून, अठ्ठावन्नाव्या वर्षी. तुला अठ्ठावन्नावं लागलेलं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं आणि मी घाबरले. विचारलं आणि तू खरंच काही सांगितलंस तर? मग डॉक्टर, मग तपासण्या, मग ते सगळं खरं होणार. मी म्हणाले, "चल मग जेवायला, पंगत बसतेय." तू दोन क्षण तसाच उभा राहिलास. मग खांब सोडून माझ्यामागून आलास. माझ्या शेजारी बसून जेवलास.

तीन आठवड्यांनी यार्डात कांद्याचा लिलाव चालू असताना तू गेलास. मला शाळेत फोन आला. पलीकडचा माणूस काही बोलायच्या आधी मला कळलं होतं. वर्गात पोरं गणित सोडवत होती. मी त्यांना म्हणाले, चालू द्या.

सूप थांबलंय. पावलं येतायत.

*

दादा, आता दुपार झालीय. मघाचं लिहिणं टाकून दोन तास झाले. झालं ते सांगते.

वहिनी दारात उभ्या राहिल्या. पदराला कोंडा लागला होता. "काय लिव्हताय एवढं सकाळधरनं?" म्हणून विचारलं आणि उंबऱ्यावरच बसल्या. मला वाटलं, आता तो प्रश्न येणार. त्याच्या आधी आपणच बोलावं, म्हणून मी धाडकन बोलले.

"वहिनी, मला माहीत होतं. पाचोडला दादाला बरं नव्हतं. मी ओळखलं होतं आणि मी कुणाला बोलले नाही."

त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. "कशावरनं वळखलं?" एवढंच विचारलं.

मी गालाचं सांगितलं. सगळंच सांगितलं, प्लॉट, चेंडू, गळ्याखालचं हाड, निवड, तो पैठणकडचा पोरगा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सांगताना माझी मान खाली होती. वर पाहिलं तर वहिनी माझ्याकडे अशा बघत होत्या की मीच काहीतरी खुळं बोलतेय.

"त्यो गाल व्हय! आवो वन्सं, त्यो तर तुमच्यासाठीच व्हता."

"म्हणजे?"

"तुमचं पयलं स्थळ आलं व्हतं बगा, तव्हा मी नवीनच व्हते ह्या घरात. ह्यांचा गाल फुगल्याला दिसला मला. रातच्याला इचारलं, चोरून सुपारी खाता काय वो? तर हसाय लागले. म्हनले, न्हाई, कुंदीला सांगत व्हतो. आप्पांपुढं तोंडानं सांगता येईना, म्हून गालानं सांगितलं. तिला कळतं."

मी पेन खाली ठेवलं; वहिनी सांगतच होत्या.

"मंग मी म्हनलं, ही कुठली रीत? तर म्हनले, ती बारकी व्हती, चेंडूला लई भ्यायची, पर कबूल करंना. एकदा लागलं तिला. मंग म्या हळू टाकायचा आसला की आधी गाल फुगवून तिला सांगायचो. तिला वाटायचं आपुनच वळखलं. लई खूश व्हायची. म्हून तसंच ठिवलं."

"आणि ती निवड?" मी विचारलं.

"त्ये बी सांगितलं व्हतं. म्हनले, आंगवळणीच पडलं, मॅचला बी जाईना. हसतच सांगितलं वो. राग नव्हता त्येंच्या मनात."

तू मला हे कधीच बोलला नाहीस. मी तुला कधीच बोलले नाही. दोघंही आपापलं गुपित सांभाळत चाळीस वर्षं दिवाळीचा फराळ करत राहिलो. मला हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यातच थांबलं. कारण वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसूही थांबलं होतं. आम्हा दोघींना ते एकाच वेळी कळलं असावं: पाचोडलाही तो गाल माझ्यासाठीच फुगला होता.

"तुमच्यासमोर फुगवायचा का दादा गाल?" मी विचारलं.

"माझ्यासमोर? छ्या. मला थाप मारायचे तव्हा त्वांड कसं निस्तं कोरं. मला कुठं काय कळू देत व्हते? कळलं आसतं तर..." वहिनी पदराचा कोंडा एकेक कण वेचायला लागल्या. मग वर न बघता त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न मी तेरा दिवसांत एकदाही मनात आणला नव्हता.

"मंग तव्हा तुम्ही काय म्हनलात त्यास्नी?"

मी सांगितलं. पंगत बसतेय म्हणाले. जेवायला चल म्हणाले.

वहिनी उठून गेल्या नाहीत. त्या उंबऱ्यावर बसून आहेत, अजून, मी हे लिहितेय तेव्हाही. मी त्यांना काही बोलावं की त्यांच्या शेजारी जाऊन बसावं हे मला कळत नाहीये.

दादा, मला भीती वाटायची. पहिल्या दिवसापासून, प्रत्येक चेंडूची. हे मी तुला एकदा जरी सरळ म्हटलं असतं तर आपल्याला तोंडानं बोलायची सवय लागली असती. तू माझी भीती मी न बोलता ओळखलीस आणि त्या सोमवारपासून एकही चेंडू मला न सांगता टाकला नाहीस. पाचोडला मात्र घाबरलेला तू होतास, आणि ते कळणारी त्या अख्ख्या मांडवात मी एकटीच होते.